बोरीच्या पुढे, सिस्टरच्या मागे

सुनीता आणि मी पुण्यात शिकताना दोन वर्षं एका खोलीत राहिलो. ती आता परभणी जिल्ह्यात, बोरीच्या पुढच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. मी दवाखान्यांतली उपकरणं बरोबर मोजतात की नाही, ते तपासून दाखले देते. "एकदा माझ्याबरोबर हिंडून बघ," असं ती तीन वर्षं म्हणत होती. जानेवारीत रजा शिल्लक होती. गेले.

जाणाऱ्यांसाठी: पुण्याहून परभणीला सकाळी पोहोचवणारी रेल्वे घ्यावी. तिथून जिंतूरची एस.टी. पकडून बोरीला उतरायचं. एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट. पुढे जीप, ती वेळेवर नाही, भरल्यावर सुटते. माझी भरायला पाऊण तास लागला. काळी जमीन, कंबरेच्या वर गेलेली ज्वारी, हरभरा. थंडी पुण्यापेक्षा जास्त, स्वेटर हवाच. ओळख नसेल तर मुक्काम जिंतूरला किंवा परभणीला करावा. बोरीत मला लॉज दिसला नाही. पहिल्या दिवशी येलदरीचं धरण पाहिलं. पाणी भरपूर, माणसं कमी, चहा उत्तम. संध्याकाळी सुनीताच्या खोलीवर ज्वारीची भाकरी, पिठलं आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा.

दुसऱ्या दिवशी तिच्या स्कूटीवर मागे बसले. तिच्या पिशवीतला झोळीचा वजनकाटा मी सकाळीच तपासला होता. चांगला होता.

अकराच्या सुमारास एका घरी पोहोचलो. नऊ दिवसांचं बाळ, आई रेणुका, आणि घराचा कारभार पाहणाऱ्या तिच्या सासूबाई काशीबाई. सुनीता सरळ आत गेली नाही. अंगणात उभी राहून तुरीच्या शेंगांवर दोन मिनिटं बोलली. मला तो वेळ फुकट वाटला. नंतर कळलं, ती दोरीवरची दुपटी मोजत होती. रात्रीची आणि सकाळची मिळून दोनच होती. म्हणजे बाळाला लघवी कमी, म्हणजे पोटात दूध कमी. आत पाऊल टाकण्याआधीच तिची अर्धी तपासणी झाली होती.

"या बाई," काशीबाई म्हणाल्या. "पोरगं लय शहाणं हाय. रडतच न्हाई. नुसतं झोपायलंय."

सुनीता हसली, पण पिशवीची चेन उघडणारा तिचा हात थांबला. "अंगावर कधी पाजलं, मावशी?"

"पहाटं घेतलं जरासं. उठतच न्हाई तर कसं पाजावं?"

बाळाला झोळीत घालून काट्याला लावलं. काटा माझ्या डोळ्यांसमोर होता. मी सवयीने मोठ्याने वाचलं, "दोन किलो पन्नास ग्रॅम." कार्डावर जन्माचं वजन दोन किलो तीनशे होतं. "अडीचशे ग्रॅम घटलंय," मी पुढे म्हणाले.

काशीबाईंनी बाळ उचललं आणि त्याच्यावर पदर ओढला. "ही कोण हाय, बाई? सव्वा महिन्याच्या आत लेकराचं वजन बोलून दाखवतेत का? दृष्ट लागती."

"चुकलं, मावशी," सुनीता म्हणाली. "पुण्याची हाय. तिला काय कळतंय!"

इथे वजन कागदावर लिहायचं आणि आईला दाखवायचं, उच्चारायचं नाही, हे सुनीता मला सांगायला विसरली होती. एका वाक्यात मी दार बंद केलं होतं. आणि ते उघडायलाच हवं होतं. "आज दवाखान्यात नेलं नाही," ती माझ्या कानाशी म्हणाली, "तर हे बाळ हातचं जाईल."

काशीबाईंनी ते ओळखलंच. "दवाखाना न्हाई. परवा बारसं हाय, पाव्हणे सांगून झालेत. आन सव्वा महिना लेकरू उंबऱ्याबाहेर न्यायचं नसतंय."

माझ्याकडे आकडे होते, कार्ड होतं. सुनीताने काहीच पुढे केलं नाही. ती त्यांच्या शेजारी बसली. "मावशी, हात द्या तुमचा. मागची बाजू."

तिने तो हात बाळाच्या पोटाला लावला. मग तळपायाला. काशीबाईंनी दुसऱ्यांदा स्वतःच लावून पाहिला. मग दुसऱ्या पायाला.

"गार हाय," त्या म्हणाल्या. "शेगडी तर जवळच हाय की."

"हाय ना. तरी गार हाय."

काशीबाईंनी बाळाचा पाय मुठीत धरला आणि सोडला नाही. मग म्हणाल्या, "बारशाचं काय सांगू लोकांला?"

"सांगा, आत्याला सुट्टी न्हाई मिळाली."

"आत्या तर घरीच बसलीय, मेली!" आणि त्या हसल्या. रेणुकाही हसली.

फोन करून बोलावलेली सरकारी गाडी यायला चाळीस मिनिटं होती. सुनीताने बाळाला रेणुकाच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून शाल काशीबाईंनी गुंडाळली. मग हाताने दूध काढायला शिकवलं. तेव्हा रेणुका पहिल्यांदा बोलली. "मलाच दूध न्हाई म्हणायलेत सगळे."

"वाटीत बघ. न्हाई का?"

वाटीचा तळ झाकला होता. चमच्याने थेंब थेंब, मध्ये थांबत, तेवढं बाळाच्या पोटात गेलं. गाडी आली तेव्हा काशीबाईच आधी उंबऱ्याबाहेर पडल्या. "चल रेणुके, मी हाय संगं."

तिसऱ्या दिवशी परतीच्या गाडीआधी परभणीच्या दवाखान्यात गेलो. बाळाला जंतुसंसर्ग होता, औषध सुरू होतं, वेळेत आणलं असं डॉक्टर म्हणाले. काशीबाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी जागा करून दिली आणि डब्यातली अर्धी भाकरी हातावर ठेवली.

पुण्यात परत आल्यावर मी पुन्हा काटे आणि तापमापकं तपासते आहे. त्या घरात माझा आकडा अचूक होता आणि कुणाच्याही उपयोगी पडला नव्हता. सुनीताने मोजमाप अशा हातात दिलं, ज्या हाताला निर्णय घ्यायचा होता. हे तिला कुणी शिकवलं, असं मी विचारलं. "रोज चार घरं हिंडायचं, दुसरं काय," ती म्हणाली.

परवा तिचा फोन आला. बाळ घरी आलंय, अंगावर पितंय, बारसं झालं. त्याच गल्लीत दुसरी एक बाळंतीण आहे. सुनीता तिच्याकडे पोहोचली, तर काशीबाई आधीच पाळण्यापाशी बसलेल्या.

"पाय बघितलेत मी," त्या म्हणाल्या. "गरम हायेत. तुमी आईकडं बघा."