कोळ्याचे शेवटचे दोन फोटो

हे आजवर माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही. अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, मी ते सांगितलं नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही नाही. एकटा असताना स्वतःशी मोठ्यानं बोलायची मला सवय आहे, पण तेव्हासुद्धा हा विषय आला की मी दुसरंच काहीतरी बोलायला लागतो. आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का, ते माहीत नाही. तुम्ही समोर नाही, म्हणूनही असेल.

आधी घर सांगतो. कळंब्याच्या रस्त्याला, तळ्याच्या अलीकडं आमचं बैठं घर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागं थोडं परसू. परसात पेरू, कढीपत्ता, आणि कुंपणाला लागून जास्वंदीची रांग. घरात मी आणि आई. आम्ही गडहिंग्लजकडचे, घरात अर्धं कन्नड बोललं जायचं, त्यामुळं आईला आव्वा म्हणायचो. अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली होती. अण्णा पुण्याला, त्याच्या संसारात. माझं लग्न — दोन-तीन ठिकाणी बोलणी झाली, मोडली, आणि मग कुणी विचारायचंच थांबलं. कारखान्यात मी स्टोअरला होतो. दिवसभर नट, बोल्ट, बेअरिंग. तिथं माझ्याशी कुणाचं भांडण नव्हतं आणि मैत्रीही नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एक फोटो स्टुडिओ बंद होत होता, तिथून मी एक जुना कॅमेरा घेतला. लेन्स उलटी करून धरली की मुंगीच्या पायावरचे केसही दिसतात, हे माझं मलाच सापडलं. पहिल्यांदा तसं बघितलं ना — मी कितीतरी वेळ परसात उकिडवाच बसून राहिलो. इतके दिवस हे सगळं आपल्या घरात होतं? खिडकीच्या चौकटीवर चिखलाची मडकी करणारी कुंभारीण माशी, कढीपत्त्यावरच्या हिरव्या अळ्या, भिंतीवर उड्या मारणारा आठ डोळ्यांचा इवलासा कोळी. तो तर मान वळवून माझ्याकडं बघायचा. घरी आल्यावर माझ्याकडं बघणारं कुणी आहे, असं वाटायचं. हसू नका. खरंच वाटायचं.

मग आव्वाला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. वाचा राहिली, पण शब्द जड झाले. धरून उभी केली की चार पावलं टाकायची, एकटीला मात्र जमायचं नाही. तिच्यासाठी आम्ही हौसाक्काला ठेवलं. हौसाक्का मूळची पेठ वडगावची, नवरा वारलेला, चाळिशीतली बाई. सकाळी यायची, संध्याकाळी जायची. आव्वाला न्हाऊ घालायची, भरवायची, आणि वर तिच्याशी कन्नड बोलायचा प्रयत्न करायची. ते इतकं वाईट असायचं की आव्वा वाकड्या तोंडानं हसायची. त्या घरात हसणं आणलं ते हौसाक्कानं. मी नाही.

आता येतो त्या सोमवारवर. आमच्या कारखान्याला सोमवारी सुट्टी असायची.

जास्वंदीत एका मोठ्या कोळ्यानं जाळं केलं होतं. पिवळे-काळे पट्टे, आणि जाळ्याच्या मधोमध पांढरी नागमोडी नक्षी. मादी होती. चार दिवस तिनं काही खाल्लं नव्हतं, जाळ्यात किडा अडकला तरी हलत नव्हती. मला अंदाज होता — कात टाकणार. मी वाचलं होतं, पण कधी बघितलं नव्हतं. रोजचं ऊन, वारा, माझी ड्यूटी, यात ते नेमकं सुट्टीच्या दिवशी, माझ्यासमोर घडेल असं मला वाटलंच नव्हतं. आणि त्या दुपारी जेवण झाल्यावर मी परसात गेलो तर ती एका धाग्याला लोंबकळत होती, आणि तिच्या पाठीवरची कातडी डब्याच्या झाकणासारखी उचकटत होती.

मी कॅमेरा घेऊन गुडघ्यावर बसलो. तेवढ्यात मागच्या दारातून हौसाक्का म्हणाली, "बसूदादा, गिरणीला जाऊन येतो. ज्वारी टाकल्या. आव्वांच्याकडं बघा हां जरा."

मी "हूं" म्हणालो. मान वळवली नाही, पण हूं म्हणालो. हे मला स्वच्छ आठवतंय. ते विसरता आलं असतं तर मी केव्हाच विसरलो असतो.

आव्वाच्या खोलीची खिडकी परसात उघडायची. तिच्या कॉटवरून जास्वंद दिसायची. माझी पाठही दिसत असणार.

पाय निघायला लागले. हातमोज्यातून बोटं काढावीत तसे आठही पाय एकदम, हळूहळू, ओढून ओढून. नवे पाय फिके, ओले, आरपार दिसणारे. माझ्या रोलमध्ये अकरा फोटो उरले होते. मी एकेक जपून काढत होतो.

"बसू."

मी ऐकलं.

"बसू, ए बसू — जरा ये की रे."

हेही ऐकलं. मनात म्हणालो, हा एक काढतो आणि जातो. असं सगळेच म्हणतात, नाही का? दोन मिनिटं थांब म्हणतात. पण मी तिला तेवढंही म्हणालो नाही. ओ दिली असती तर ती थांबली असती. ओ दिली नाही, कारण एकदा ओ दिली की उठावं लागतं. बोललो तर माझा श्वास जाळ्यावर जाईल, असंही मी स्वतःला सांगितलं. तिसरी हाक बारीक होती. त्या हाकेत लाज होती — तिला लघवीला जायचं होतं, आणि मुलाला हाक मारून ते सांगायचं तिला नेहमीच जड जायचं. हौसाक्का नसताना ती शक्यतो दम धरायची. त्या दिवशी तिला दम निघाला नाही.

स्टीलचा तांब्या पडल्याचा आवाज आला. आणि मग दुसरा आवाज — जड, मऊ.

तो कशाचा आवाज होता ते मला कळलं. लगेच कळलं. इथवर मी मनातल्या मनात बऱ्याचदा आलोय, आणि दर वेळी इथूनच मागं फिरलोय. आज फिरत नाही.

तो आवाज ऐकल्यावर मी आणखी दोन फोटो काढले.

शेवटचा पाय निघत होता. मी फिल्म पुढं सरकवली, फोकस नीट केला, एक काढला. पुन्हा सरकवली, दुसरा काढला. मग उठलो. किती वेळ गेला असेल? अर्धं मिनिट? पाऊण? वेळ महत्त्वाचा नाही. माझा हात हलला का — ते महत्त्वाचं आहे. नाही हलला. ते दोन्ही फोटो अगदी स्वच्छ आलेत.

आव्वा कॉट आणि दाराच्या मधे पडली होती. लुगडं ओलं झालं होतं, उजवा पाय विचित्र वळला होता. तिनं माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडं बघितलं आणि जड जिभेनं विचारलं, "झालं का रे तुझं?"

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती.

मी तिला उचलायच्या प्रयत्नात असताना हौसाक्का आली. डोक्यावरचा पिठाचा डबा तिनं तसाच टाकला आणि कपाळावर हात मारून घेतला. मी म्हणालो, "मी आत्ता आलो तर ही पडलेली." कुणी विचारलं नव्हतं. आपणहून म्हणालो. आव्वाचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. रात्री अण्णा पुण्याहून आला. दवाखान्याच्या व्हरांड्यात हौसाक्का भिंतीला टेकून उभी होती, पदराला अजून पीठ लागलेलं. अण्णानं तिला सगळ्यांसमोर धारेवर धरलं — आजारी माणसाला एकटं टाकून गिरणीला जाता?

ती म्हणाली, "एकटं कुठलं वो? बसूदादा हुते की घरात. त्यास्नी सांगून गेलतो मी."

अण्णानं माझ्याकडं बघितलं.

"मला काही सांगितलं नव्हतं," मी म्हणालो. "मी रोल आणायला गेलतो."

हौसाक्का चिडेल असं मला वाटलं होतं. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं. काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असावी तशी. अण्णा म्हणाला, उद्यापासून येऊ नका. ती आत जाऊन आव्वाच्या पायाला हात लावून आली आणि गेली. आव्वा जागी होती. व्हरांड्यातलं सगळं तिला ऐकू गेलं असणार. तिनं डोळे मिटून घेतले होते.

त्यानंतर आव्वा उठली नाही. दोन वर्षं ती पडूनच होती. दुसऱ्या बायका आल्या, गेल्या. त्यांच्याबरोबर ती हसली नाही. माझ्याबद्दल ती कुणाला एक अक्षर बोलली नाही — मलासुद्धा नाही. एकदाच म्हणाली, "त्यो कोळ्याचा फोटो दाव की." मी म्हणालो, "खराब झाला आव्वा. सगळा रोल गेला." फोटो माझ्या कपाटात होते. ती "बरं" म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं.

ती गेल्यावर वर्षभरानं त्यातला एक फोटो मी गावातल्या एका प्रदर्शनात दिला. शेवटच्या दोनांतला. लोक जवळ जाऊन बघत होते. एका गृहस्थांनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, केवढा धीर धरावा लागला असेल हो? मी म्हणालो, "लागतोच की." आणि मला बरं वाटलं. हेही लपवत नाही. बरं वाटलं.

मग आव्वा जाऊन पाच वर्षं झाल्यावर कारखान्याच्या कामानं वडगावला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. स्टँडकडं परतताना कुणीतरी हाक मारली. बघतो तर हौसाक्का — पोत्यावर मेथी-कोथिंबीर घेऊन बसलेली, केस पांढरे झालेले.

"बसूदादा न्हवं? आव्वा कशा हाईत?"

गेली म्हणून सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. तिच्या आजूबाजूला गिऱ्हाइकं होती, ती त्यांच्याकडं बघेना. मग खालच्या आवाजात म्हणाली, "एक इचारू? त्या दिवशी मी सांगून गेलतो का न्हाय वो? मला तर वाटतंय सांगिटलंतं. पर तुमी शिकलेली माणसं, तुमी खोटं कशाला बोलशीला? मग म्हणलं, मीच इसरलो आसंन. आजून झोप लागत न्हाय मला. माझ्या हातनं म्हातारी पडली."

सात वर्षं ती स्वतःला हे विचारत होती. आणि उत्तर मला माहीत होतं. जगात आता एकट्या मलाच माहीत होतं. "सांगितलं होतंस" — एवढंच म्हणायचं होतं. तिथं अण्णा नव्हता, कारखान्यातलं कुणी नव्हतं. मला ओळखणारं कुणीच नव्हतं त्या बाजारात. भीती तरी कशाची होती?

मी खाली वाकलो, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे हौसाक्का. होतं माणसाच्या हातून. माझ्या मनात काही नाही."

तिनं माझे दोन्ही हात धरले. रडली. तिच्या तोंडावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. मेथीच्या दोन जुड्या तिनं जबरदस्तीनं माझ्या पिशवीत कोंबल्या, आणि आजूबाजूच्या बायकांना सांगू लागली — माणूस म्हणजे देवमाणूस हाय.

मी तिला माफ केलं होतं. त्या जुड्या घेऊन मी घरी आलो, भाजी केली, आणि खाल्ली.