माघारबाई

कोर्टाच्या भिंतीला लागून पत्र्याच्या छपराखाली सात टायपिस्ट बसायचे. पण कागद माघारीचा असला की वकील पक्षकाराला डोळे झाकून तिसऱ्या टेबलाकडे धाडायचे. "माघारबाईंकडे जा. त्या बरोबर करतील."

एकतीस वर्षं ती लोकांनी दिलेलं मागे घेऊन देत आली होती. रागाच्या भरात फेकलेला राजीनामा, शेजाऱ्याच्या कुत्र्याविरुद्धची तक्रार, निवडणुकीचा अर्ज, मृत्युपत्रातलं एखादं कलम, साक्षीदाराने छातीठोकपणे दिलेला जबाब. सगळं सरळ ओळीत, कार्बन लावून, दोन प्रतींत.

"माणूस बोलतो शिवराळ आणि माघार घेतो शुद्ध भाषेत," ती म्हणायची.

तिचा एकच हट्ट होता. काय मागे घेताय ते आधी शब्दन् शब्द कागदावर यायला हवं. वकील कुरकुरायचे, "बाई, 'तक्रार मागे घेतो' एवढी एक ओळ पुरे की!"

"अहो साहेब, काय ओकलात ते दिसल्याशिवाय गिळणार कसं?"

सगळे हसायचे. आणि ती मूळ कागद चिमट्याला लावून पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची.

त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले असतील. समोरच्या स्टुलावर कुणीतरी येऊन बसलं. माघारबाई नवा कागद रुळावर चढवत होती, तिने मान वर केली नाही.

"कशाची माघार?"

"तक्रारीची."

"कुणाविरुद्धची?"

"नवऱ्याविरुद्धची."

"मूळ तक्रारीची नक्कल आणलीय?"

"आणलीय, आई."

माघारबाईची बोटं एकदम चार कळांवर पडली. मशीनच्या चार अक्षरकाड्या एकमेकींत गुंतून हवेतच उभ्या राहिल्या.

समोर सून बसली होती. तिची स्वतःची सून. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

"तू? अगं, तू इथे कशाला? तक्रार कसली? कधी केलीस?"

"झाले पंधरा दिवस. आता मागे घ्यायचीय." सून टेबलाच्या कडेकडे बघत बोलत होती. "हे म्हणाले, आईकडूनच करून घे. घरातली गोष्ट घरात राहील."

रस्त्यापलीकडे मुलगा स्कूटरवर रेलून उभा होता. आईने बघितल्यावर त्याने हात हलवला. बाजारात भेटल्यावर हलवावा, तसा.

"भांडलात होय! मला एक शब्द सांगायचास ना. थेट पोलिसांत? एवढा काय डोंगर कोसळला होता?"

सुनेने नक्कल पुढे सरकवली.

माघारबाईने गुंतलेल्या काड्या सोडवल्या, नक्कल चिमट्याला लावली आणि टाईप करायला घेतलं. दुसरं काय करणार? हातांना तेवढंच येत होतं. सवयीने ती पुटपुटत जायची, तशीच आताही पुटपुटत होती. "मी, खाली सही करणार... अशी तक्रार दिली होती की... माझ्या पतीने माझा डावा हात दाराच्या चौकटीवर दाबून धरला व दार..."

हात थांबले.

सुनेच्या डाव्या हाताची दोन बोटं अजून नीट मिटत नव्हती. खण बंद करताना सापडली, असं सगळ्यांना सांगितलं होतं. माघारबाईनेच त्यांना मलम लावलं होतं आणि वर लेक्चरही दिलं होतं, लक्ष कुठे असतं तुझं म्हणून.

"हे... हे खरंय?"

"पुढचं वाचा, आई."

पुढची ओळ तिने टाईप केली नाही, नुसती वाचली. "त्याआधीच्या मारहाणीबद्दल मी सासूबाईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, भांड्याला भांडं लागतंच, शेजारी ऐकतील असं रडू नकोस."

छपराखाली बाकीची सहा मशीनं ताडताड वाजत होती. माघारबाईला त्यातलं एकही ऐकू येईना.

"हे मी म्हटलं?"

"हो."

"अगं, मला वाटलं तोंडातोंडी झाली असेल. नवराबायकोत होतंच की. मला काय ठाऊक..."

"मी दंड दाखवला होता, आई. तुम्ही बाही खाली ओढलीत."

शेजारच्या टेबलावरचे टायपिस्ट काका ओरडले, "काय हो माघारबाई, मशीन संपावर गेलं का?"

तिने ऐकलंच नाही. ती बाही तिला आठवली. पिवळी, काठाला उसवलेली. ओढताना तिच्याच बोटांना लागलेला तो दोरा.

तेवढ्यात मुलगा चावी फिरवत आला. "झालं का? एक ओळ टाकायला एवढा वेळ? आई, दुनियेच्या माघारी लिहितेस, पोराची एक नाही होत?"

"दार तू लोटलंस?"

"आता ते काय उकरत बसतेस!"

"लोटलंस का?"

"डोकं फिरलं होतं माझं. हिने तरी किती बोलावं?"

माघारबाई थांबली होती ती एका 'नाही'साठी. त्याने नुसतं तोंड भरून खोटं बोलायला हवं होतं, तिने आनंदाने खरं मानलं असतं.

"नाही म्हण रे."

"आई, लोक बघतायत."

तिने अर्धा टाईप केलेला कागद खसकन ओढला. रूळ करकरला, काकांनीही मान वळवली. तो कागद तिने सुनेच्या हातात दिला.

"तुला मागे घ्यायची असेल तर काकांकडून करून घे. मी अडवणार नाही, तुझी तक्रार आहे. पण हा कागद माझ्या हातून व्हायचा नाही."

"मग तू काय करणारेस?" मुलाचा आवाज चढला.

"माझा जबाब."

तिने कोरा कागद चढवला. कार्बन तिरका बसला, पुन्हा काढला, पुन्हा बसवला. कळा मात्र बरोबर पडत होत्या. "मी, अर्जदाराची सासू, लिहून देते की माझी सून माझ्याकडे आली तेव्हा तिच्या दंडावरचे वळ मी डोळ्यांनी पाहिले. मी तिला गप्प राहायला सांगितलं. ते माझे शब्द मी मागे घेते."

"आई, वेडी झालीस का? फाड ते! पोटचा पोरगा आहे मी!"

"म्हणून तर लाज वाटतेय." मग सुनेकडे वळून, आवाज खाली आणत, "वार कुठला होता गं? तारीख लागेल."

सून उठून उभी होती. पर्स खांद्याला, तो अर्धा कागद मुठीत. काकांचं टेबल चार पावलांवर होतं आणि नवरा तिकडेच बोट दाखवत होता.

तिने स्टूल मागे ओढलं. मग पुढे ओढलं, टेबलाला चिकटेपर्यंत, आणि बसली.

"मंगळवार होता," ती म्हणाली. "आणि आई, वळ दोन्ही दंडांवर होते. तुम्ही एकच बाही पाहिलीत."