पोटात दुखतंय, एवढंच तो म्हणाला

लग्नानंतरची माझी पहिलीच भातकापणी. आमचं शेत वसईच्या खाडीकाठी. त्या दिवशी माझा नवरा सकाळीच शेतातून वाकत घरी आला आणि ओटीवर आडवा झाला. "पोटात दुखतंय," एवढंच म्हणाला.

"ओव्याचा पानी पी, बरा वाटेल," सासूबाई म्हणाल्या. तो प्यायला आणि लगेच ओकला.

सासूबाई आत गेल्यावर मी विचारलं, "खरं सांग, कुठे दुखतंय?"

त्याने भिंतीकडे तोंड केलं. दुखत होता उजवा अंडकोष. आधीही असंच दुखून आपोआप थांबलं होतं. "आईला बोलू नकोस," तो म्हणाला. मी नाही बोलले.

दुपारपर्यंत त्याला सरळ झोपताही येईना. मी आणि सासूबाईंनी त्याला रिक्षाने गावच्या डॉक्टरांकडे नेलं, तर तिथेही हा पोटावरच हात ठेवून बसला. डॉक्टर इंजेक्शन भरायला लागले तेव्हा मात्र मला राहवेना. सासूबाईंच्या देखत मी सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी पडद्याआड नेऊन तपासलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "थांबू नका. ऑपरेशनची सोय असेल तिथेच न्या."

वसई शहरात एव्हरशाईनच्या रस्त्यावर गाड्यांच्या गर्दीत रिक्षा जागची हलेना. तो माझं मनगट घट्ट धरून कण्हत होता. मी ड्रायव्हरला विनवत होते. तो बिचारा काय करणार होता?

ऑपरेशन झाल्यावर सर्जनने मला बाजूला बोलावलं. "अंडकोष मागच्या बाजूने आवरणाला चिकटलेला असतो. यांचा जन्मापासूनच सुटा लोंबकळत होता, घंटेतल्या लोलकासारखा. त्यामुळे पीळ पडला आणि रक्तपुरवठा तुटला. उजवा काढावा लागला. डावाही तसाच होता, तो टाके घालून पक्का केलाय."

"लवकर आणलं असतं तर?"

"बहुतेक वाचला असता."

शुद्धीवर आल्यावर तो पहिलं हेच म्हणाला, "तू माहेरी जा. तुझं वाटोळं नको." मी तिथेच बसून राहिले.

सासूबाईंनी गावात अपेंडिक्स सांगितलं. डॉक्टर म्हणतात, मूल व्हायला एक पुरतो. मला अजून दिवस गेलेले नाहीत. पाळी आली की मी त्याला सांगत नाही. त्याला कळतंच. त्या दिवशी तो जेवायला बसत नाही.