रिकाम्या गोलाचा अर्थ

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, जिच्यापाशी तीस वर्षं सासूच्या कागाळ्या केल्या त्या मैत्रिणीजवळही नाही. देवापुढं तरी? तेही नाही. देवाला ठाऊक असतंच, असं म्हणून मी तिथूनही सटकत आले. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, तर चांगली बाई म्हणूनच ओळखत असाल. मग तर तुम्हाला सांगायलाच हवं.

मी घाटनांदूरला बालवर्गाची शिक्षिका होते. नव्वदीची मधली वर्षं. पेठेत एसटीडीचे बूथ झाले होते, घराघरात केबल येत होती, आणि गावात पहिली इंग्रजी शाळा निघाली होती. तिथं टाय होता, बूट होते, आणि दर तीन महिन्यांनी कार्डावर लाल शाईत नंबर होता. चार वर्षांच्या लेकरांचा पहिला, दुसरा, तिसरा! शेंबूड पुसता येत नाही त्यांचा नंबर काढत होते, आणि आईबाप पेढे वाटत होते.

मला त्याचा राग यायचा. रागाला कारणही होतं – मी औरंगाबादला दहा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते. तिथं शिकवलं होतं की लहान लेकरांना मार्क नकोत, नंबर नको. एकाला दुसऱ्याशेजारी उभं करून मोजायचंच नाही. या वयात काय काय यायला हवं ते एकेका ओळीत लिहायचं, आणि प्रत्येक ओळीपुढं एक गोल काढायचा. येतंय – गोल भरलेला. येऊ लागलंय – अर्धा. अजून येत नाही – रिकामा. एवढंच. शिकवणाऱ्या बाई आणखी एक गोष्ट म्हणाल्या होत्या: रिकामा गोल म्हणजे नापास नव्हे, पण रिकामा गोल म्हणजे काहीच नाही असंही नव्हे; एकाच ओळीपुढं तीनदा रिकामा राहिला, तर त्या लेकराच्या घरी जायचं. ते मी वहीत लिहून घेतलं होतं. खाली रेघसुद्धा मारली होती.

म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढं मी तुम्हाला कुठंतरी फसवीन. मला ती सवय आहे.

आमच्या गावाला काही हे गोल उमगेनात. कार्ड घेऊन बाप यायचे आणि पहिला प्रश्न – नंबर कितवा? मारुतीच्या पारावर बसून चौघांनी आपापल्या लेकरांचे भरलेले गोल मोजले आणि नंबर स्वतःच ठरवून टाकले. एका आईनं तर घरी पेन घेऊन सगळे रिकामे गोल भरून आणले. म्हणाली, शेजारणीला दाखवायला लाज वाटती वो बाई. मी हसले होते तेव्हा. सगळ्यांना ही गंमत सांगितली होती. पण दिवाळीनंतर सहा लेकरं इंग्रजी शाळेत गेली आणि माझं हसू आटलं.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष किराणा-भुसाराचे व्यापारी. आप्पा म्हणायचे सगळे त्यांना. कपाळाला विभूती, बोलणं मोजकं. त्यांनी मला दुकानात बोलावलं आणि गिऱ्हाइकाला साखर बांधता बांधता सांगितलं, "बाई, होळीच्या आदल्या शनिवारी पालकांची सभा घ्या. पटवा त्यान्ला. न्हाई पटलं तर जूनपासून आपुनबी नंबर चालू करू."

पटवणं मला जमायचं. बोलणाऱ्याची बोरंही विकली जातात म्हणतात, आणि मी तर बोलण्यावरच जगत आले. माझं बोलणं ऐकून लोक माना डोलवायचे, आणि त्या डोलणाऱ्या मानांची मला चटक होती. तुम्हाला नाही का कसली चटक? – जाऊ द्या. तुम्हाला मध्ये ओढायचं काम नाही.

आता शीतलचं सांगते.

शीतल पाच वर्षांची होती. बारकी, गहूवर्णी, मोठ्या डोळ्यांची. बाप केरबा पिठाची गिरणी चालवायचा आणि आई कौसाबाई दळणं घ्यायची. त्यांचं घर गिरणीच्या पाठीमागंच, मधे एक भिंत. सकाळी सातपासून गिरणी धडधडायची, म्हणून त्या घरात सगळे ओरडूनच बोलत. कौसाबाई देवळातसुद्धा ओरडून बोलायच्या आणि बायका तोंडाला पदर लावायच्या. त्या घरात एखादं लेकरू कमी ऐकतंय हे कुणाच्या ध्यानात यावं?

माझ्या यायला हवं होतं. माझ्या आलंही होतं. शीतल चित्रात हुशार, मणी ओवण्यात हुशार, रंगांची नावं सांगण्यात हुशार – तिथं सगळे गोल भरलेले. पण गाण्यात तिचे हात सगळ्यांच्या मागून हलायचे. उभे राहा म्हटलं की ती आधी शेजारच्या पोरीच्या पायांकडं बघायची, मग उभी राहायची. पाठीमागून हाक मारली तर वळायची नाही. कार्डावर एक ओळ होती – सांगितलेलं ऐकून तसं करते. तिथं पहिल्यांदा रिकामा गोल. दुसऱ्यांदा रिकामा. दिवाळीनंतर एकदा मी तिच्या पाठीमागं उभी राहून पितळी ताट आपटलं होतं. बाकीची लेकरं दचकली, एक तर रडायलाच लागलं. शीतल मणी ओवत बसली होती.

तेव्हाच मला कळलं. शंका आली, वाटून गेलं, असलं काही नाही – कळलं. आणि मी ठरवलं की गिरणीवर जाऊन सांगायचं. उद्या जाऊ. मग संक्रांत झाली. मग परवा जाऊ. दळण न्यायला मी दर आठवड्याला तिथं जात होते, डबा ठेवत होते, कौसाबाईंशी ओरडून बोलत होते. तरीही सांगायला कधी गेले नाही. सभा झाली की सांगू, असं मनाशी म्हणत राहिले. तिसरं कार्डही तसंच गेलं. रिकामा गोल.

सभेला शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. एवढे पालक मी कधी पाहिले नव्हते. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला, आप्पा खुर्चीवर. मी मार्क आणि नंबर यांच्यावर काही बोलले नाही. मी भाकरीवर बोलले.

म्हटलं, मावशी, चुलीपुढं बसल्यावर तुमची एक भाकर फुगलेली असती, एक तव्यावर असती, एक थापायला घेतलेली असती. थापायला घेतलेल्या भाकरीला तुम्ही नापास म्हणता का? तिचा नंबर काढता का? भरलेला गोल म्हणजे फुगलेली भाकर, अर्धा म्हणजे तव्यावरची, रिकामा म्हणजे थापायला घेतलेली. सगळ्यांच्या भाकरी एकदम कशा फुगतील?

बाया हसल्या. मग पुरुष हसले. पारावर नंबर काढणारा एक जण म्हणाला, आता कसं ध्यानात आलं! आप्पांची मान डोलली. आप्पांची! मला वाटलं, जिंकलं. आयुष्यात एवढं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

आणि तेवढ्यात कौसाबाई उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. कार्ड केरबानं वाचून दाखवलेलं. डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि त्यांच्या त्या गिरणीच्या आवाजात, सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल असं विचारलं, "बाई, आमच्या शीतलचा ऐकन्याचा गोल तीन्ही बारीला रिकामाच हाय म्हनं. कावून? तिचा कान वाहतो कधी कधी. कानात तर काही न्हाई ना तिच्या?"

बघा – काय विचारायचं राहिलं होतं? एका अडाणी बाईनं माझं सगळं प्रशिक्षण एका दमात विचारलं होतं. मी फक्त 'सभा झाल्यावर थांबा' एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. पण सगळे माझ्याकडं बघत होते. रिकाम्या गोलाची भीती मी आत्ताच घालवली होती, आणि आता म्हणायचं की हा गोल मात्र भीतीचा आहे? मग बाकीच्यांना आपापले रिकामे गोल आठवले असते. पुन्हा कुजबुज झाली असती. आप्पांची मान थांबली असती.

मी हसले. म्हटलं, "कौसाबाई, तुम्ही एवढ्या भाकरी थापता आणि घाई करता होय? थापायला घेतलीय, फुगंल!"

सगळे हसले. त्याही हसल्या. लाजून, पदर तोंडाला लावून खाली बसल्या. टाळ्या पडल्या. जूनमध्ये आमच्याकडं नंबर चालू झाले नाहीत, आणि गेलेल्या सहातली दोन लेकरं परत आली.

सभेनंतर तरी मी गेले का गिरणीवर? नाही. भर सभेत एक बोलून आता घरी जाऊन दुसरं कसं सांगायचं? त्या वर्षी शीतल माझ्या वर्गातून गेली. पहिलीत तिला मारलं – ऐकत नाही, मुद्दाम करते म्हणून. ते माझ्या कानावर आलं होतं. दुसरीतल्या मास्तरांना मात्र शंका आली आणि त्यांनी केरबाला अंबाजोगाईच्या दवाखान्यात पाठवलं. डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनं झालंय. एक कान गेल्यातच जमा, दुसऱ्याला यंत्र लावावं लागेल. दोन वर्षं आधी आणलं असतं तर बरंच वाचलं असतं.

तुम्हाला वाटेल माझी चूक ही. नाही. म्हणजे ही आहेच, पण मी जे लपवलं ते हे नाही.

दवाखान्यातून आल्यावर तिघंही माझ्या घरी आली. केरबा रागात नव्हता, नुसता खचलेला होता. म्हणाला, "बाई, वर्षभर तुमच्यापाशी होतं लेकरू. तुमाला काहीच दिसलं न्हवतं का?" शीतल दाराशी बसून माझ्या तोंडाकडं बघत होती. ओठ वाचायला ती तेव्हाच शिकली असावी.

मी उठले. शाळेच्या दप्तरातल्या कार्डांच्या प्रती माझ्याकडंच असत. त्यातली शीतलची तीन कार्डं काढली आणि केरबापुढं धरली. बोट ठेवून दाखवलं. एक, दोन, तीन. म्हटलं, "मी लिहून दिलं होतं. रिकामा गोल म्हणजे लक्ष द्या, हे सभेत समजावलंही होतं. यांच्या ध्यानात आलं नसेल."

'यांच्या' म्हणजे कौसाबाईंच्या. मी त्यांच्याकडं बघून बोलले. आवाजही चढला नाही माझा. समजावणीचाच सूर होता, सभेतला.

त्या सभेत केरबा नव्हता, त्याला गिरणी सोडता आली नव्हती. तो बायकोकडं वळला. "आगं, तुला धाडलं कशापायी व्हतं? नीट समजून घ्याया न्हाई आलं तुला?" कौसाबाईंचं तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं – मी वाट बघत होते, आता त्या म्हणतील की म्या इचारलं व्हतं, भाकरीचं तुमीच बोलल्या. त्या म्हणाल्या असत्या तर मी काय केलं असतं? बहुतेक पुन्हा हसले असते. पण त्या म्हणाल्या नाहीत. माझ्या हातातली कार्डं छापील होती, खाली शिक्का होता, आणि त्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं. त्यांचं तोंड मिटलं. मग हळू, पहिल्यांदाच मी त्यांना हळू बोलताना ऐकलं, म्हणाल्या, "म्याच अडानी, मालक. बाईचं काय चुकलं."

मी त्यांना चहा केला.

पुढं बरीच वर्षं गेली. शीतल यंत्र लावून दहावी झाली, शिवणाचं शिकली, परळीकडं लग्न झालं. केरबा गेला. मी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी भाकरीची ती गोष्ट दोघांनी भाषणात सांगितली आणि मी हार घालून घेतला. कौसाबाई रस्त्यात भेटल्या की वाकून पाया पडायच्या. मी पडू दिलं.

मागच्या वर्षी त्या माझ्या घरी आल्या. शीतलची मुलगी आता बालवर्गात आहे, तिचं कार्ड घेऊन आल्या होत्या. आताच्या कार्डांवर चांदण्या असतात. कौसाबाईंना आता वाचता येतं – पन्नाशीत रात्रशाळेत जाऊन त्या वाचायला शिकल्या, तेही मला त्या दिवशीच कळलं. पण म्हणाल्या, तरी तुमच्या तोंडून ऐकायचंय. एकेका ओळीवर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं. ह्याचा अर्थ काय, त्याचा काय, ही चांदणी अर्धी कावून. मी एकेक नीट सांगितलं. सगळं ठीक होतं, पोरगी उत्तम होती. त्यांनी कार्ड घडी करून पिशवीत ठेवलं, आणि माझा हात हातात धरून म्हणाल्या, "बाई, आता मी समदं इचारून घेते बघा. शीतलच्या टायमाला म्या इचारलंच न्हाई."

त्यांना खरंच तसं आठवत होतं. तीस वर्षं तेच म्हणून म्हणून त्यांचा स्वतःचा प्रश्न त्यांच्यातून पुसला गेला होता.

मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. त्या गेल्या, मी दार लावलं. कौसाबाई आता नाहीत; या पावसाळ्यात वारल्या.

त्यांनी विचारलं होतं. भर सभेत उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, त्यांनी विचारलं होतं.