आतोबांचा लोड

माझ्या आतोबांच्या घरात देवाच्या खालोखाल मान विजेच्या मीटरला आहे, आणि सकाळी आधी दर्शन कुणाचं घेतलं जातं हे पाहिलं तर हा क्रमही उलटा लावावा लागेल. आतोबा म्हणजे आमच्या आत्याचे यजमान. नाशकात राहतात, सातपूरच्या कॉलनीतल्या एका बैठ्या रो-हाऊसमध्ये. उठल्यावर चूळ भरायच्या आधी ते बनियनवर पोर्चमध्ये येतात, मीटरच्या काचेवर फुंकर मारतात आणि आतला लाल दिवा कसा लुकलुकतोय ते मान तिरकी करून पाहतात. दिवा आळसावलेला असला तर दिवस चांगला जाणार. जरा घाईत दिसला, तर घरात काहीतरी चालू राहिलंय. मग ते एकेक खोली हिंडतात, न्हाणीघरातला दिवा मालवतात, पंख्याखाली झोपलेल्या पाहुण्याच्या अंगावर पांघरूण आहे का ते बघतात, आणि असलं तर पंखा बंद करतात. पांघरूण आणि पंखा दोन्ही एकदम लागणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत कधीच चांगलं होत नाही.

हे सगळं लेथमुळे. आतोबांनी उभा जन्म तिथल्याच एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काढला. निवृत्त होऊन घरी आले आणि दाराशी खुर्ची टाकून बसले. त्या दिवसांबद्दल ते माझ्याशी एकदाच बोललेत. म्हणाले, "कंपनीत पोरं सारखी विचारायची, हे कसं धरू, ते कितीत कापू. घरी आलो तर कुणी काही विचारीना. जेवायला या, एवढंच." खुर्चीत बसून बसून त्यांची तब्येत उतरायला लागली, आणि मग एका दुपारी टेम्पोतून एक जुना लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, उतरला. इतरांच्या घरी सोफा असतो त्या जागी, पुढच्या खोलीत, तो बसवला गेला. मागोमाग परसात पत्र्याखाली विजेवर चालणारी एक छोटी भट्टी आली, पोलादी सुटे भाग लाल करून कडक करण्यासाठी. सातपुरातली किरकोळ कामं आणि निफाडच्या द्राक्षवाल्यांच्या फवारणी पंपांच्या पिना, असा धंदा सुरू झाला. पहिलं बिल आलं ते आत्याच्या हातात. तिने ते लेथवर ठेवलं आणि त्या दिवशी चहा केला नाही. आत्या आमच्या सटाण्याची, तिचा राग अहिराणीत येतो. संध्याकाळी ती शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "यासनी बायको मशीन शे." ह्यांची बायको मशीन आहे, मी कोण लागते, असा त्याचा एकूण अर्थ. मग निकाल दिला. मशीन राहील, पण त्याच्यापायी बिल पुन्हा असं फुगलं तर भंगारवाल्याला ती स्वतः हाक मारील. त्या दिवसापासून आतोबा घरातल्या विजेचे कारभारी झाले.

कनेक्शन साधं, घरगुती. लेथची मोटार चालू असताना स्वयंपाकघरात कुणी जोराचं काही लावलं की घर अंधारात जायचं आणि लेथवर कातायला लावलेला जॉब खराब व्हायचा. म्हणून नियम असा, की काहीही लावायच्या आधी आतोबांना विचारायचं. आत्या पीठ किंवा मसाल्याचे हात तसेच घेऊन पुढच्या खोलीच्या दाराशी यायची आणि विचारायची, "अहो, मिक्सर लावू का?" आतोबा मान वर न करता मोटारीचा आवाज ऐकायचे. "थांब, एवढा कट होऊ दे." कट व्हायचा, ते हत्यार मागे घ्यायचे, मोटार बंद करायचे आणि मग म्हणायचे, "लाव." मिक्सर घरघरायला लागला की हात मागे बांधून फाटकापाशी गाडी जाण्याची वाट पाहावी तसे उभे राहायचे. फार वेळ उभं राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, ते घसा खाकरायचे, आणि आत्या मिक्सर थांबवायची. त्यामुळे त्या घरातली चटणी कायम जाडसर. मोठं काम आलेलं असलं तर दाणे मोजता येतील इतकी जाडसर. इस्त्रीचंही तेच. माझ्या आतेभावाच्या लग्नात नवरदेवाच्या सदऱ्याची एक बाही चुरगळलेली दिसते, फोटोत पाहा. त्या सकाळी एक निफाडकर पीन घेऊन आला होता.

विजेबद्दल त्यांची स्वतःची काही शास्त्रं आहेत आणि ती कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत हे बरंच आहे. मोटार सुरू होताना सगळ्यात जास्त वीज खाते, हे त्यांनी कुठेतरी ऐकलेलं. ते खरंही आहे. पण त्यावरून त्यांनी असं ठरवलं, की एकदा सुरू केलेला लेथ किरकोळ कारणासाठी बंद करायचा नाही. मिक्सर हे मोठं कारण, जेवण हे किरकोळ. त्यामुळे आतोबा ताट हातात घेऊन दारात उभ्याने जेवतात आणि खोलीत लेथ रिकामा फिरत असतो. मी एकदा म्हणालो, आतोबा, जेवणभर रिकामा फिरून हा जास्त खातोय. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. म्हणाले, बंद करून चालू केला की तो घटाघटा पितो, चालत राहिला की घोट घोट. नंतर ते भाकरीचा घास मोडत लेथकडे अशा मायेने पाहत राहिले, की मी विषय सोडून दिला.

पण त्यांची खरी कला थंडीत दिसायची. आमच्याकडची थंडी म्हणजे काय ते निफाडला विचारावं. पहाटे द्राक्षाचे घड तडकू नयेत म्हणून लोक बागेत शेकोट्या पेटवतात. अशा दिवसांत आतोबांच्या घरी गीझर असूनही त्यावर आत्या भाजी वाळत घालायच्या टोपल्या अडकवायची, कारण आंघोळ भट्टीच्या दिवशीच. भट्टीची ऊब वाया घालवणं हे आतोबांच्या लेखी अन्न टाकण्यासारखं पाप. भट्टीच्या डोक्यावर शेंगदाणे भाजून निघत, कडेला पापड वाळत, विरजण लागे, पोरांचे ओले मोजे सुकत. लालबुंद पिना बादलीत टाकून कडक करायच्या, आणि तसं करता करता बादलीतलं पाणी छान कढत झालं की ती बादली न्हाणीघरात. मी पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला सटाण्याहून येऊन त्यांच्याकडे उतरलो होतो तेव्हा मला हाच मान मिळाला. साबण दोनदा लावूनही अंगाला लोखंडाचा वास येत राहिला. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी नाक जरासं वर केलं आणि विचारलं, "सध्या कुठल्या मशीन शॉपमध्ये काम करता?" नोकरी मला मिळाली. तिचं श्रेय आतोबा आजतागायत त्या बादलीला देतात.

आणि एक वीट होती. आत्याचे गुडघे थंडीत धरतात. भट्टी बंद केली की आतोबा तिच्यावरची एक गरम वीट चिमट्याने उचलायचे, जुन्या लुगड्याच्या घड्यांत गुंडाळायचे आणि आत्याच्या पायाशी आणून ठेवायचे. ठेवताना न चुकता म्हणायचे, "फुकटची आहे. वाया कशाला घालवायची." आत्या ती गुडघ्यांजवळ ओढून घ्यायची. मला मात्र वाटायचं, की काही आठवड्यांत पिनांचं काम नसतानाही ही भट्टी पेटते, ती काय उगीच?

असं सगळं नीट चाललं होतं आणि आतेभावाला आईवडिलांना सुख द्यायची इच्छा झाली. तो पुण्याला असतो, चांगला कमावतो. त्याने घराचा विजेचा लोड वाढवून घेतला, सगळं एकदम चालेल असं थ्री फेज कनेक्शन आणलं आणि गच्चीवर सोलर बसवलं. बिल जवळजवळ येईनासं झालं. दुपारी तर वापरून उरलेली वीज कंपनीलाच जाऊ लागली. आत्याला गीझर मोकळा झाला, गुडघ्यांना शेकायला विजेची पट्टी आली, मिक्सर केव्हाही, इस्त्री केव्हाही. मशीन भंगारात जायची भीती कायमची गेली. खरं म्हणजे आतोबांनी पेढे वाटायला हवे होते. पोर्चमध्ये नवं मीटर बसलं त्या दिवशी ते त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहिले, फुंकर मात्र मारली नाही.

भोगीच्या दिवशी मी गेलो तर लेथवर चादर होती. भट्टीवर कुंडी. दिवसाउजेडी न्हाणीघरात दिवा जळत होता आणि आतोबा त्याच्यासमोरून दोनदा गेले तरी त्यांनी तो मालवला नाही. दाराशी तीच जुनी खुर्ची पुन्हा आलेली. मी कामाचं विचारलं तर म्हणाले, बघू, उन्हाळ्यात. मग जरा थांबून शेजाऱ्यापाजाऱ्याला सोलरचा फायदा सांगावा तसं सांगायला लागले, "बरं झालं. आता घरात कुणाला काही विचारावं लागत नाही." मला एकदम वाईट वाटलं. टूलरूममधून आलेला तो माणूस परत पहिल्या दिवसावर येऊन बसला होता, आणि या वेळी त्याला उठवायला दुसरा लेथ आणून भागणार नव्हतं.

तेवढ्यात निफाडकडचा एक बागायतदार मोटारसायकलवरून आला. त्याने पिशवीतून पंपाची तुटकी पीन काढली. "बाबा, लय अर्जंट हाय. फवारणी अडली, आज झाली नाय तर माल हातचा जाईल." आतोबा नको नको म्हणत उठले. चादर काढली. मोटार सुरू झाली, आणि त्यांची मान सवयीने तिरकी झाली. आत स्वयंपाकघरात आत्या भोगीच्या बाजरीच्या भाकरीसाठी तिळाची चटणी करत होती. मला खुर्चीतून दिसत होतं, की तीळ भाजून मिक्सरच्या भांड्यात पडलेत, झाकण लागलंय, तिचा हात बटणावर आहे. नुसतं दाबायचं होतं. घरातल्या दिव्याचं काडीचंही काही बिघडणार नव्हतं.

आत्याने हात मागे घेतला. पदराला पुसत ती गुडघे सावरत पुढच्या खोलीच्या दाराशी आली.

"अहो, मिक्सर लावू का?"

आतोबांनी वर पाहिलं. थ्री फेजमध्ये हे विचारायची गरज नाही, हे त्या घरात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी आत्याकडे पाहिलं, मग पुन्हा पिनेकडे, आणि मोटारीचा आवाज ऐकला.

"थांब," ते म्हणाले. "एवढा कट होऊ दे."

आत्या थांबली. बागायतदारही थांबला, त्याला वाटलं काहीतरी तांत्रिक आहे. कट झाला, हत्यार मागे आलं, मोटार बंद झाली. आतोबांनी हात मागे बांधले आणि म्हणाले, "लाव."

जेवताना मी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो, आणि आतोबा बसून जेवत होते हेही मला नवीनच होतं. उठताना त्यांनी जाता जाता न्हाणीघरातला दिवा मालवला. चटणी जाडसर झाली होती. मिक्सरला आता कुणी घाई करत नव्हतं, पण त्यांचा पुढचा कट अडू नये म्हणून आत्याने तो आपणहूनच लवकर बंद केला होता.