सोमलीच्या हातांचं खोटं

मैनाबाई तशी खोटारडी बाई नव्हे. जन्मात एकच मोठं खोटं बोलली, पण ते लेकीला जन्मभर पुरलं.

दारव्ह्याकडच्या एका तांड्यावर ती आणि नवरा पूनमसिंग कापूस पिकवत. कापसाला मातीमोल भाव मिळे, ती वर्षं. तांड्यात गाडी शिरली की लोक समजत, आले पुन्हा आत्महत्या केलेल्या कोण्या शेतकऱ्याच्या विधवेचा फोटो काढायला. त्या दिवशी मात्र गाडीतून डॉक्टरीणबाई उतरल्या आणि रक्त मागू लागल्या. सांधे सुजवून बोटं वाकडी करणारा आमवात कोणत्या समाजात जास्त, कोणत्यात कमी आणि का, हे त्यांना शोधायचं होतं. बंजारा, कोलाम, कुणबी, साऱ्यांचं रक्त गोळा करत फिरत होत्या.

"घरात कोणाचे सांधे सुजतात का? आई, आजी, मुलगी?"

मैनाबाईच्या आईची बोटं चाळिशीतच वाकली होती. शेवटी तिला घास भरवावा लागे. आणि एकोणीस वर्षांच्या सोमलीचे हात सहा महिन्यांपासून सकाळी आखडत. वेचणीला गेली तर दहा वाजेपर्यंत बोंडातला कापूस तिच्या चिमटीत येत नसे.

पण सोमलीची सोयरीक जमत आली होती. नवरीनं स्वतः आरसे लावून भरलेली कांचळी, म्हणजे चोळी, सासरच्या बायका उलटसुलट करून पाहतात आणि टाक्यांवरून पोरगी जोखतात. सोमलीला सुई धरवत नव्हती. म्हणून ती चोळी मैनाबाईच भरत होती, लेकीच्या नावावर.

"रक्तात असलं म्हणजे होतंच असं नाही," बाई समजावत होत्या. "आणि वेळेवर औषध मिळालं तर हात वाचतात." मैनाबाईनं दोन्ही ऐकलं, पण मनात 'रक्तात' तेवढंच राहिलं. असलं रक्त कोण घरात घेईल?

"आमच्यात कोणालेच नाही, बाई," ती म्हणाली. सोमलीला तिनं आधीच पाण्याला पिटाळलं होतं.

लग्न झालं. कांचळीचं नणंदांनी तोंडभर कौतुक केलं.

तीन वर्षांनी जावई अमरसिंग सोमलीला घेऊन आला. लेकरू त्याच्या कडेवर होतं, कारण सोमलीला ते उचलता येत नव्हतं. "माही माय म्हणते, कामचोर हाय, ढोंग करून राह्यली," तो खाली मान घालून म्हणाला. "मले तसं वाटत नाही."

यवतमाळच्या दवाखान्यात मैनाबाई सगळं बोलली. आईची बोटं, सकाळचं आखडणं, काहीच लपवलं नाही. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले.

"तेव्हाच आणायला हवं होतं हो. आता पुढचं थांबवू. वाकलेली बोटं मात्र सरळ होणार नाहीत."

बाहेर बाकावर सोमलीनं विचारलं, "याडी, तुले तवाच माहीत होतं?"

"हो."

"औषध हाय, हेबी?"

मैनाबाईनं होकाराची मान हलवली. सोमली रडली नाही, ओरडली नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

"माह्या पोरीले झालं तं मी साऱ्या गावाले सांगीन," ती म्हणाली. "मंग कोणी सोयरीक नाही केली तरी चालन."

मैनाबाईनं नातीला घ्यायला हात पुढे केले. सोमलीनं पोरीला दोन्ही कोपरांनी कसंबसं स्वतःकडे ओढून घेतलं.