सांगावा नेणारा सुपडू

पडदा वर जातो. समोर बुऱ्हाणपूरचा शनवारा चौक, सकाळचे दहा. डाव्या हाताला गजाननचं मोबाइलचं दुकान, काच दिसणार नाही इतक्या पाट्या चिकटवलेलं. उजव्या हाताला चहाची टपरी आणि तिच्या बाकावर मी, एक म्हातारा नट. मधोमध भिंतीला टेकलेली एक काळी सायकल, आणि तिच्या दांडीवर हात ठेवून उभा सुपडू. अंगात धुतलेला पांढरा सदरा, पायांत काही नाही. ज्यांना ठाऊक आहे ते हा वेश पाहून जागच्या जागी थांबतात. सुपडू अनवाणी निघाला म्हणजे कुणीतरी गेलेलं असतं.

हा प्रसंग दोन हजार सतरा सालचा. त्या वर्षी साऱ्या देशाला जोडणीचं वेड लागलं होतं. आधार मोबाइलला जोडा, मोबाइल बँकेला जोडा, बँक गॅसला जोडा. गजाननच्या दुकानापुढे म्हातारी माणसं धोतराला अंगठे पुसत रांगेत उभी असायची. हे दुकान आधी एसटीडी बूथ होतं. मग तिथं इंटरनेटचा कॅफे झाला, आणि कॉलेजची पोरं तासातासाने बसून अनोळखी माणसांना मैत्रीच्या विनंत्या पाठवू लागली. पुढे फेसबुक आलं, व्हॉट्सॲप आलं, आणि बसायला जागाच लागेना, कारण सगळं खिशात गेलं. गजानन समाजाच्या ग्रुपचा ॲडमिन झाला. चारशे तीन सदस्य. पूर्वी समाजात पुढारी व्हायला निदान एखादी धर्मशाळा बांधावी लागे. आता चार्जर पुरतो.

सुपडू मात्र कुठल्याच ग्रुपात नव्हता. त्याच्या आधीची तीन भावंडं गेली म्हणून आईनं त्याला जन्मताच सुपात घातला आणि नाव सुपडू ठेवलं. दिवसा पॉवरलूमवर, आणि कुणी गेलं की सांगावा. गावोगावी पसरलेल्या समाजाला मरणाची बातमी पोचवायचं काम त्याच्या बापाकडून त्याच्याकडे आलं. आमची नाटक मंडळी गावात मुक्कामाला असायची तेव्हा जाहिरातीचा भोंगाही तोच फिरवायचा. भोंग्यावर त्याचा आवाज वेगळा आणि दारात वेगळा. आमच्यात चांगले चांगले नट होते, पण दोन आवाज इतके वेगळे ठेवणारा मी दुसरा पाहिला नाही.

सांगाव्याचे नियम कडक होते. उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही. बसायचं नाही. पाणी प्यायचं नाही. टोपी हातात घ्यायची आणि मोजकं बोलायचं: "धूलकोटची काकू गेली. उद्या सकाळी नऊला." एवढंच. कशी गेली, शेवटी काय बोलली, काही नाही. आमच्या नाटकांत मरणाची बातमी आणणारा दूत दोन पानं बोलायचा आणि टाळी घेऊन आत जायचा. सुपडूला ते आवडत नसे. "मास्तर, तो मानूस बातमी सांगते का सोताले दाखवते?" असं त्यानं मला एकदा विंगेत विचारलं होतं. मी तो दूत होतो.

त्याच्याकडे आणखी एक नाजूक काम असे. कावळा शिवण्याचं. आमच्याकडे कावळ्यानं माणसाच्या डोक्याला स्पर्श केला तर त्याचं मरण जवळ आलं असं मानतात, आणि त्यावर उपाय एकच. त्या माणसाच्या माहेरी किंवा मामाकडे तो मेल्याची खोटी बातमी धाडायची. तिथं कुणीतरी खरोखर रडलं की मरणाला त्याचा मान मिळाला आणि ते परत फिरलं. ही बातमी सुपडू एकाच घरी न्यायचा. दारात उभा राहायचा, रडणं फुटेपर्यंत थांबायचा, आणि पहिला थेंब पडला की म्हणायचा, "पानी दे, माय." सांगावा आणणारा पाणी मागतो म्हणजे मेलेलं माणूस जिवंत आहे. त्या शब्दांनंतर त्याला शिव्या बसायच्या, मग गुळाचा चहा मिळायचा.

तर त्या सकाळी गजाननची आई मालूबाई राजघाटावर अंघोळीला गेली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, वाळलेली, टणक बाई. तिथं कुणाचा तरी दहावा चालला होता, पिंडावर कावळे उतरले होते, त्यातला एक उडताना तिच्या डोक्यावर पाय टेकून गेला. ती तशीच ओल्या लुगड्यानं घरी आली आणि तिनं सुपडूला बोलावणं धाडलं. तिचा धाकटा भाऊ निंबा तुकईथडला केळीची शेती करतो. बातमी त्याच्या दारात जायची होती. म्हणून सुपडू अनवाणी उभा होता.

गजानन दुकानातून बाहेर आला.

"कुठं निघाले, सुपडूभाऊ?"

"तुकईथडले. तुह्या मायनं सांगितलं."

"अरे, इस उमर में चाळीस किलोमीटर? ग्रुप कायले आहे मंग? निंबामामा ग्रुपमधेच आहे. एक सेकंद में चारशे लोकांले पोचते."

"चारशे नाही पाहिजे. एक पाहिजे."

"तुम्ही ना, भाऊ, जुन्या जमान्यातच राहिले. बसा. चहा घ्या."

आणि त्यानं तिथंच, गिऱ्हाईकाच्या सिमकार्डाला टाचणी लावता लावता, स्वतःच्या जिवंत आईचं निधन ग्रुपवर टाकलं. फोटो हवा म्हणून एका लग्नातला कापून लावला. त्यात मालूबाई हसत होती आणि मागे मांडवाचे हिरवे दिवे होते. सुपडूनं चहा न घेताच सायकल घराकडे वळवली.

माझ्या फोनवर पहिली श्रद्धांजली आली तेव्हा मी घड्याळ पाहिलं. अकरा सेकंद. अकरा सेकंदांत माणसाला नीट दचकताही येत नाही. मग हात आले. पिवळे, जोडलेले, एकाखाली एक, सगळे एकाच साच्यातले. एकानं इंग्रजीतली तीन अक्षरं टाकली. एकानं अंगठा वर केला. एकानं फोटो पाहून जन्मदिनाच्या शुभेच्छा दिल्या आणि त्याच्याखाली आणखी सहा जणांनी दिल्या, कारण वरचा मजकूर वाचायची पद्धत ग्रुपवर नाही. मधेच कुणीतरी केळीचा भाव विचारला, आणि त्याला मात्र सविस्तर उत्तर मिळालं. वीस मिनिटांनी गजाननला वाटलं, पुरे झालं. त्यानं लिहिलं, "माताजी सकुशल हैं, कौआ छू गया था." त्यालाही हात आले. उशिरा जागे झालेल्यांनी त्याच्याखाली भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली.

पण मेलेली मालूबाई तोवर ग्रुपाबाहेर निघून गेली होती. एका ग्रुपातून दुसऱ्यात, खंडव्याला, रावेरला, कुठं कुठं. जिवंत असल्याची बातमी तिच्यामागे धावली नाही. तसली बातमी पुढे पाठवण्यात कुणाला मजा? दुसऱ्या दिवशी रावेरहून कडू नावाचा एक व्याही पांढरं उपरणं घेऊन आला. दार मालूबाईनंच उघडलं. "कोन पाहिजे?" तिनं विचारलं. तो पायरीवरच खाली बसला.

लोक हसले. मीही हसलो. मालूबाई हसली नाही. तिनं लेकाला जवळ बोलावलं आणि विचारलं, "रडलं कोन?"

गजाननने फोन दाखवला. "माय, दोनशे बारा जण. देख."

तिनं फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "हे हात आहे. डोळे ओले कोनाचे झाले?"

गजानन फोनवर अंगठा सरकवत राहिला.

"मंग माह्यं मरन दारातच उभं आहे," ती म्हणाली, आणि अन्न सोडलं. भाकरी नाही, खिचडी नाही, केळंसुद्धा नाही. माहेरचं कुणी रडल्याचं कळेल तेव्हाच घास, नाहीतर हा शेवट. तिसऱ्या दिवशी ती खाटेवरून उठेना. डॉक्टर आले, सलाइन लावूया म्हणाले, तिनं हात छातीशी घट्ट आवळून घेतला. सून वंदना पदरात तोंड घालून बसली. गजानन दुकान बंद करून माझ्याकडे आला.

"मास्तर, तुम्ही स्टेजवर रडायचे ना? मायजवळ येऊन रडा ना थोडं."

"मी तिच्या माहेरचा नाही," मी म्हणालो, "आणि ती पहिल्या रांगेत बसून माझी नाटकं पाहत आलेली आहे."

शेवटी तो सुपडूकडे गेला. सुपडूनं एक शब्द बोलून दाखवला नाही. मी असतो तर प्रवेशभर बोललो असतो. त्यानं चपला काढल्या. माझ्या पाठीला बाक आलेला, तरी मी त्याच्याबरोबर तुकईथडच्या बसमध्ये बसलो. म्हटलं, या माणसाचं काम एकदा शेवटपर्यंत पाहावं.

निंबाच्या अंगणात आम्ही उभे राहिलो आणि काही बोलायच्या आत त्याची बायको आशाबाई तांब्या घेऊन आली. "घ्या भाऊ, पानी घ्या. ऊन लय आहे." सुपडूनं तांब्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्याला सांगाव्याआधी कुणी पाणी दिलं नव्हतं. त्याचा चेहरा मी बाजूनं पाहत होतो. तो उतरला.

निंबा घरातून आला. सत्तरीचा, चांगला माणूस, छातीच्या खिशात फोन. "या सुपडूभाऊ. ताई कशी आहे? तो कावळ्याचा मेसेज पाहिला मी."

"पयला मेसेज पाहिला होता का?"

"पाहिला ना. हात टाकला मी. पोराले विचारा, बराबर टाकला."

"रडला का?"

निंबा जरा ओशाळला. "रडनारच होतो, भाऊ. पन केळी कापून पडली होती, ट्रक लागला होता. म्हनलं, माल भरून होऊ दे, मंग बसू निवांत. तेवढ्यात दुसरा मेसेज आला का जिती आहे."

"म्या तर जायासाठी लुगडं काढून ठेवलं होतं," आशाबाई म्हणाली. "पुन्हा घडी घातली."

सुपडूनं खरी गोष्ट सांगितली. तिसरा दिवस, अन्न नाही, सलाइन नाही. निंबा घाबरला. सुपडू म्हणाला, "आता रड."

"आता? ते जिती आहे ना. जित्या मानसासाठी कसा रडू?"

"डोळे मिट. समज, ताई नाही."

निंबानं डोळे मिटले. आम्ही सगळे थांबलो. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, ओठ दाबले, एकदा नाक ओढलं. रंगीत तालमीत नवा नट करतो तसं सगळं केलं. आशाबाई म्हणाली, "काही येऊन नाही राहिलं. यांचा बाप गेला तवाच काय ते आलं होतं." एवढ्यात खिशातला फोन वाजला. निंबानं एक डोळा उघडला, पडद्यावर नजर टाकली, आणि लाजून पुन्हा मिटला. खेळ तिथंच संपला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या दुःखासाठी दारात थांबून राहणारं कुणी नव्हतं, ते आलं त्याच वाटेनं निघून गेलं होतं. निघताना त्यानं पिकलेल्या केळ्यांची एक फणी आणून दिली. "ताईले द्या. म्हना, येतो रविवारी."

परतीच्या बसमध्ये मी सुपडूला म्हणालो, "मी तुला विलाप लिहून देतो. भावाचा बहिणीसाठी. तीन वाक्यं. दगड वितळेल."

"नोको, मास्तर. तुमचं लिवलेलं मालूबाई ओळखीन."

"मग काय सांगशील?"

त्यानं केळ्यांची फणी मांडीवर नीट करून ठेवली. केळीचे मळे मागे पडत होते. या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यानं दिलेला शब्द तेवढा पोचवला होता. खोट्या बातमीलाही त्याच्याकडे नियम होता, आणि ती तो स्वतःच्या तोंडानं, त्याच दारात, फेडून यायचा. रडण्याबद्दल तो कधी खोटं बोलला नव्हता. आणि पलीकडच्या सीटवरचा एक तरुण सबंध रस्ताभर फोनवर अंगठ्यानं माणसं वर ढकलत होता, एकाही चेहऱ्यावर न थांबता.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सुपडूनं गजाननला आणि वंदनाला बाजूला केलं आणि खाटेपासून हातभर अंतरावर टोपी काढून उभा राहिला. मालूबाईनं मान वळवली.

"गेला होता?"

"गेलो होतो."

"रडला?"

"रडला," सुपडू म्हणाला.

मी खांबाआड होतो. साठ वर्षं मी खोटं बोलून पोट भरलं, आणि इतकं साधं खोटं मला एकदाही जमलं नव्हतं.

मालूबाई त्या संध्याकाळी दूधभाकरी जेवली, आणि त्यानंतर आणखी पाच वर्षं जेवत राहिली. निंबा त्या रविवारी आलाही; तिनं त्याला काही विचारलं नाही, त्यानं काही सांगितलं नाही. ग्रुपवर मात्र ती अजूनही अधूनमधून मरत असे. कुठून तरी तोच हिरव्या दिव्यांचा फोटो फिरत यायचा आणि हात जोडले जायचे. पण त्या संध्याकाळी, वंदना ताट घेऊन येण्याआधी, तिनं कोपरावर उठून सुपडूला आणखी एक गोष्ट विचारली.

"काय म्हनून रडला?"

सुपडूनं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, निंबा असं काही बोलला नव्हता, आणि मी लिहून दिलेलं तर नव्हतंच.

"म्हने, आता मले निंब्या कोन म्हनीन?"